पेनड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टीम: मशिन कुणाचंही, काम आपलं

मुंबईत घरात कॉम्प्युटर असणं वेगळं आणि तो हवा तेव्हा मोकळा मिळणं वेगळं. दिवसभर वहिनीचं ऑफिस त्यावर, रात्री मुलांचे प्रोजेक्ट. सोसायटीच्या ऑफिसातला पीसी संध्याकाळी नुसता पडून असतो, पण त्यात टॅलीचे हिशोब आहेत म्हणून सेक्रेटरी काही इन्स्टॉल करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काकांच्या दुकानातलं मशिन धडधाकट, पण त्यावर विंडोज १०, ज्याचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ टाकावं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, तो त्यात नाही.

अशा सगळ्या ठिकाणी पेनड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टीम कामाला येते. पेनड्राइव्ह लावायचा, मशिन त्यावरून चालू करायचं, आपलं काम करायचं, बंद करून पेनड्राइव्ह खिशात टाकायचा. आतल्या डिस्कवरचं विंडोज, टॅली, फोटो जिथल्या तिथे राहतात.

या विषयावर गप्पा सुरू झाल्या की पहिला वाद 'कुठलं लिनक्स चांगलं' यावर रंगतो. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे अनेक प्रकार आहेत.) माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न पेनड्राइव्ह कुठला, आणि दुसरा त्यावर दिवसभरात किती लिहिलं जाणार. पेनड्राइव्ह वाचायला बरा असतो, सतत लिहायला वाईट. खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी हे लिहिणं कमी करण्यासाठीच आहेत.

आधी पद्धत ठरवा

तीन पद्धती आहेत. पहिली निव्वळ 'लाइव्ह': सिस्टीम पेनड्राइव्हवरून वाचली जाते, रॅममध्ये चालते आणि बंद केल्यावर सगळं पुसलं जातं. बिघडलेल्या विंडोजमधून फोटो काढून घ्यायचे, लिनक्स या मशिनवर चालतं का ते पाहायचं, एवढ्यासाठी ही पुरेशी.

दुसरी 'परसिस्टन्स'वाली लाइव्ह. मूळ सिस्टीम तशीच दाबून (कॉम्प्रेस करून) बसवलेली राहते आणि तुम्ही केलेले बदल, म्हणजे वायफायचा पासवर्ड, ब्राउझरचे बुकमार्क, टाकलेले प्रोग्राम, हे पेनड्राइव्हच्या वेगळ्या भागात साठतात. बहुतेकांना हीच लागते, म्हणून या लेखाचा मुख्य रस्ता हाच.

तिसरी म्हणजे पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजून त्यावर लिनक्स पूर्ण इन्स्टॉल करणं. रोज चार-पाच तास काम असेल तरच याच्या वाटेला जा, आणि तेही साध्या पेनड्राइव्हवर नको, बाहेरून लावायच्या एसएसडीवर.

विंडोजच पेनड्राइव्हवर चालवता येईल का, हे हमखास विचारलं जातं. मायक्रोसॉफ्टची 'विंडोज टू गो' नावाची सोय विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीपासून होती. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, ती काढून टाकली. रूफस या मोफत प्रोग्रामने अजूनही तसा ड्राइव्ह बनवता येतो, पण साध्या पेनड्राइव्हवर विंडोज इतकं रखडतं की चहा होऊन कप विसळेपर्यंत डेस्कटॉप येत नाही. एसएसडी असेल तर करून पाहा.

पेनड्राइव्ह: इथे कंजुषी नको

पाकिटावर जो वेग छापलेला असतो तो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा. ऑपरेटिंग सिस्टीम तसं वागत नाही. ती एकाच वेळी शेकडो बारीक फाइली इथे-तिथे वाचते आणि लिहिते. स्वस्त पेनड्राइव्हचा असा बारीकसारीक लिहिण्याचा वेग सेकंदाला एक एमबीपेक्षाही कमी असू शकतो, आणि मग ब्राउझर उघडताना माउससुद्धा गोठतो. क्रिस्टलडिस्कमार्क हा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम चालवा आणि 'आरएनडी४के' लिहिलेल्या ओळींत 'राइट'चा आकडा बघा. वरचे मोठाले आकडे आपल्या कामाचे नाहीत.

किमान ३२ जीबी, शक्यतो ६४ जीबी आणि यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घ्या. नखाएवढे चिमुकले पेनड्राइव्ह दिसायला छान, पण सतत काम पडलं की तापतात आणि तापले की मंदावतात. थोडा लांब, धातूच्या अंगाचा बरा. बजेट असेल तर छोटी बाहेरची एसएसडी घ्या. फरक इतका मोठा आहे की एकदा वापरल्यावर पेनड्राइव्हकडे परत जावंसं वाटत नाही.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड आहेच, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. दुकानातून घ्या, जीएसटीचं बिल मागा, वॉरंटी कोण देणार ते विचारा. फुटपाथवर किंवा ऑनलाइन '२ टीबी'चा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांत दिसला तर पुढे चला. असले ड्राइव्ह विंडोजला मोठा आकडा दाखवतात, आत असतात ८ किंवा १६ जीबी. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही, आणि हे तुम्हाला फाइल उघडायला गेल्यावर कळतं.

म्हणून ड्राइव्ह कितीही चांगल्या दुकानातला असो, घरी आल्यावर आधी तपासा. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो पूर्ण ड्राइव्ह भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. ६४ जीबीला तास-दोन तास लागतील, रात्री जेवायच्या आधी लावून ठेवा. चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी बिलासकट परत. लिनक्सवर हेच काम 'एफथ्री' करतो. ६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसतो, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

कुठलं लिनक्स

विंडोजची सवय असलेल्यांनी लिनक्स मिंट घ्यावं, त्यातही 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती. ४ जीबी रॅमवर चालतं, खालचा मेन्यू ओळखीचा वाटतो. दोन जीबी रॅमचं जुनं मशिन असेल तर पपी लिनक्स बघा. ते पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये जाऊन बसतं, त्यामुळे पेनड्राइव्हला फारसं काम उरत नाही. गोपनीयता हाच मुद्दा असेल, पत्रकारितेसारखं काम असेल, तर टेल्स. ते सगळं इंटरनेट टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून नेतं आणि बंद केल्यावर मागे काही ठेवत नाही. मात्र टॉरमधून बँकेच्या साइट अडतात, त्यामुळे घरगुती कामाला ते उगाच त्रासदायक.

पेनड्राइव्हवरच संसार थाटायचा असेल तर एमएक्स लिनक्स जरूर अभ्यासा. त्यात बदल आधी रॅममध्ये ठेवून बंद करताना एकदाच पेनड्राइव्हवर उतरवायची सोय आहे, म्हणजे दिवसभराचं बारीक लिहिणं टळतं. पण पर्याय इतके आहेत की पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. मिंटवर हात बसला की तिकडे वळा.

डाउनलोड आणि पडताळणी

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टीम एकत्र बांधलेली एकच फाइल, उतरवा. ती ३ जीबीच्या घरात असते, म्हणजे दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक पुरणार नाही. वायफाय गाठा किंवा साइटवरची टॉरेंट वापरा, मध्येच तुटलं तर पुढून सुरू होतं.

उतरल्यावर ती पडताळायचा कंटाळा करू नका. अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे पुढे इतक्या चित्रविचित्र अडचणी येतात की दोष मशिनला दिला जातो. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए'मध्ये 'एसएचए-२५६' निवडा. येणारी लांबलचक संख्या साइटवर दिलेल्या संख्येशी ताडून पाहा. पहिली आणि शेवटची आठ-दहा अक्षरं जुळली की अर्धवट डाउनलोडची भीती संपली. साइट खरी का याची खात्री मात्र यातून होत नाही, कारण खोट्या साइटवर संख्याही खोटीच असेल.

रूफसने पेनड्राइव्ह तयार करणं

रूफस इन्स्टॉल करावा लागत नाही, फाइल उतरवून थेट उघडते. उघडण्याआधी मशिनला लावलेले बाकीचे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून ठेवा. चुकीचा ड्राइव्ह पुसला जाण्याची शक्यताच उरत नाही.

'डिव्हाइस'मध्ये आपला पेनड्राइव्ह आहे याची आकारावरून खात्री करा. 'बूट सिलेक्शन'पुढचं 'सिलेक्ट' दाबून मिंटची आयएसओ द्या. मग खाली 'परसिस्टंट पार्टिशन साइझ' अशी सरकपट्टी दिसेल. सगळी मेख इथेच आहे. ती शून्यावर राहिली तर पेनड्राइव्ह निव्वळ लाइव्ह बनतो आणि दुसऱ्या दिवशी वायफायचा पासवर्डसुद्धा गायब. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर मिंटच्या मूळ फाइलींना ८ जीबी सोडा, उरलेलं सगळं परसिस्टन्सला द्या.

'पार्टिशन स्कीम' एमबीआर आणि 'टार्गेट सिस्टीम'मध्ये बायोस (मशिन चालू होण्याची जुनी पद्धत) किंवा यूईएफआय (नवी पद्धत) दोन्ही, असं असेल तर ड्राइव्ह जुन्या-नव्या दोन्ही मशिनवर चालतो. फिरता ड्राइव्ह बनवतोय, तेव्हा हेच ठेवा. बाकी काही बदलू नका.

'स्टार्ट' दाबल्यावर रूफस ग्रबच्या किंवा सिसलिनक्सच्या (लिनक्स चालू करून देणारे छोटे प्रोग्राम) नव्या फाइली उतरवू का असं विचारू शकतो, हो म्हणा. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: आयएसओ मोड की डीडी मोड. आयएसओच निवडा. डीडी मोडमध्ये आयएसओची जशीच्या तशी प्रत उतरते आणि परसिस्टन्सचा भाग तयारच होत नाही. शेवटी सगळा डेटा पुसला जाईल असा इशारा येतो, तो मान्य केला की पाच-पंधरा मिनिटांत काम होतं.

पुढे कधीही हा पेनड्राइव्ह चालू विंडोजला लावलात, तर एक खिडकी उघडून म्हणू शकते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. परसिस्टन्सचा भाग लिनक्सच्या पद्धतीचा असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून ही सूचना. 'कॅन्सल' दाबा. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा, कारण मदत करायच्या भरात 'फॉरमॅट' दाबणारं कुणी ना कुणी असतंच. पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून त्यावर 'फॉरमॅट करू नये' लिहिलं तरी चालेल.

एकाच ड्राइव्हवर चार-पाच वेगवेगळ्या सिस्टीम हव्या असतील तर व्हेंटॉय चांगला. त्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, चालू करताना यादीतून निवडायच्या. दुरुस्तीवाल्यांसाठी तो वरदान आहे. रोज एकच सिस्टीम वापरणाऱ्याला त्याची गरज नाही, कारण त्यात परसिस्टन्सची खटपट जास्त.

बूट करताना

मशिन दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा. आणि कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर हा प्रयोग अजिबात नको. बहुतेक ऑफिसांच्या नियमांत तो बसत नाही आणि 'मी काही इन्स्टॉल केलं नाही' हे उत्तर आयटीवाल्यांपुढे टिकत नाही.

काही सेटिंग बदलण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. अशा मशिनवर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टीम चालू होऊ देणारी सोय) बंद केलं किंवा बूटचा क्रम, म्हणजे कुठल्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं तो, बदलला, की पुढच्या वेळी विंडोज निळी पाटी दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ही की साधारणपणे मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी ती लिहून घ्या, मगच पुढे. दुसऱ्याचा लॅपटॉप असेल आणि की सापडत नसेल तर सेटिंगला हात लावू नका.

नंतर विंडोज नीट बंद करा. विंडोजमधल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' म्हणजे खरं तर अर्धी झोप असते. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केलं की पूर्ण बंद होतं.

आता पेनड्राइव्ह लावा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये, निळ्या पट्टीचा असेल तर उत्तम. पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये सैल असतात, जरा धक्का लागला की संपर्क तुटतो आणि चालू सिस्टीमखालून डिस्क निघून जाते. बटण दाबून लगेच बूट मेन्यूची की टकटक दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसरवर साधारण एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरमध्ये ही सोय बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावी लागू शकते. इंटेलच्या मॅकवर ऑप्शन की धरून ठेवायची. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर हा पेनड्राइव्ह चालणार नाही, तो प्रोसेसरच वेगळ्या जातीचा.

नवे लॅपटॉप इतक्या झटकन चालू होतात की की दाबायला वेळच मिळत नाही. मग विंडोजमध्येच शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' करा आणि येणाऱ्या निळ्या पानावर 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलंय ते घ्या. मिंटला सिक्युअर बूट चालतं, त्यामुळे बहुधा ते बंद करावं लागत नाही. मिंटचा मेन्यू आला की पहिल्या ओळीवर एंटर. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं लागली तर घाबरू नका.

आत गेल्यावर

आधी वायफाय जोडा. वायफाय दिसतच नसेल तर फोन यूएसबी केबलने लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, जवळपास प्रत्येक मशिनवर चालतं. मग वेळेचा विभाग कोलकाता करा.

मराठी टायपिंगसाठी सेटिंगमधल्या 'कीबोर्ड'मध्ये 'लेआउट' उघडा, 'यूज सिस्टीम डिफॉल्ट्स' बंद करा आणि 'ॲड' करून इंडियाच्या गटातून मराठी निवडा. इनस्क्रिप्टची सवय असेल तर 'एनहान्स्ड इनस्क्रिप्ट', आवाजाप्रमाणे टाइप करणाऱ्यांना 'कागापा'. निवडल्यावर 'ॲ', 'ऱ्य' आणि 'ळ' टाइप करून बघा, मराठीची खरी परीक्षा तिथेच होते. डीटीपीवाल्यांसाठी एक सूचना: युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधल्या फाइली इथे उघडल्या तर फाँटअभावी नुसती इंग्रजी गिचमिड दिसेल. फाइल बिघडलेली नसते.

आता लिहिणं कमी करायचं. सगळ्यात जास्त लिहितो तो ब्राउझर. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट कोलन कॉन्फिग' रोमन अक्षरांत टाइप करून उघडा, 'ब्राउझर डॉट कॅश डॉट डिस्क डॉट एनेबल' शोधा आणि 'फॉल्स' करा. कॅश मग रॅममध्येच राहते. एवढ्या एका बदलाने स्वस्त पेनड्राइव्हवरचं गोठणं कमी होतं.

दुसरं, सगळ्या सिस्टीमचे अपडेट करण्याचा मोह टाळा. परसिस्टन्समध्ये मूळ सिस्टीम दाबलेल्या फाइलीत असते, ती बदलत नाही. अपडेट केलेली प्रत तिच्यावर वेगळी साठते, म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही जागा खातात. नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) टाकलात तरी बूट जुन्याच कर्नलवरून होतं. म्हणून फायरफॉक्ससारख्या थेट इंटरनेटशी संबंध येणाऱ्या गोष्टी सिनॅप्टिक या मिंटमधल्या प्रोग्राममधून एकेक करून अपडेट करा, आणि मिंटची नवी आवृत्ती आली की पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

नव्याने बनवणं सोपं जावं म्हणून कामाच्या फाइली या पेनड्राइव्हवर मुळात ठेवूच नका. दुसरा साधा पेनड्राइव्ह, जुनी हार्ड डिस्क किंवा गुगल ड्राइव्ह, कुठेही चालेल. इथे फक्त सिस्टीम आणि सेटिंग.

शिकताना अडलात तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. संथ आहेत, पण पाया पक्का होतो.

परसिस्टन्स भरला तर

लक्षण असं: कालपर्यंत चालत होतं, आज मिंटचा लोगो येतो आणि पुढे काळा पडदा. बऱ्याचदा जागा संपलेली असते. मशिन पुन्हा चालू करा, मिंटच्या मेन्यूत पहिल्या ओळीवर असताना 'ई' दाबा. आज्ञांच्या ओळी दिसतील, त्यात 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'परसिस्टंट' हा शब्द असेल. तेवढाच पुसा आणि एफ१० दाबा. या वेळेपुरती कोरी सिस्टीम चालू होते.

आता फाइल मॅनेजरमध्ये परसिस्टन्सचा भाग वेगळी डिस्क म्हणून उघडता येतो. आत 'अपर' नावाचा फोल्डर, त्यात 'होम', त्यात 'मिंट'. तुमच्या साठवलेल्या सगळ्या गोष्टी इथे सापडतात. हव्या त्या दुसरीकडे कॉपी करा, 'डाउनलोड्स'मधला कचरा पुसा, नेहमीसारखं चालू करा. पुसायला परवानगी नाही असं म्हणालं तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'ओपन ॲज रूट'.

हरवला तर

चर्चगेट लोकलमध्ये चढताना खिशातून काय काय पडतं हे सांगायला नको. आणि या पेनड्राइव्हला पासवर्ड नाही. ज्याला सापडेल तो लावून चालू करेल आणि थेट तुमच्या उघड्या जीमेलमध्ये जाईल. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका, किंवा साठवायचेच तर फायरफॉक्सचा 'प्रायमरी पासवर्ड' लावा, आणि काम झालं की खात्यातून बाहेर पडा. आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट अशा फाइली व्हेराक्रिप्ट या मोफत प्रोग्रामच्या कुलूपबंद फाइलीत ठेवा, ती विंडोजवरही उघडते. हरवल्यावर दुसऱ्या मशिनवरून गुगलच्या सुरक्षा पानावर जाऊन ते सेशन बंद करता येतं.

पूर्ण इन्स्टॉल: एकच मोठा खड्डा

संपूर्ण ड्राइव्हला पासवर्ड हवा, अपडेट नीट हवेत, तर एसएसडीवर पूर्ण इन्स्टॉल. त्यासाठी वर बनवलेला पेनड्राइव्ह इन्स्टॉलर म्हणून आणि वेगळी रिकामी एसएसडी, अशा दोन गोष्टी लागतात.

खड्डा असा: तुम्ही एसएसडी निवडली तरी यूईएफआय मशिनवर उबुंटू घराण्याचा (मिंटही त्यातलंच) इन्स्टॉलर बूटलोडर, म्हणजे सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम, बऱ्याचदा आतल्या डिस्कच्या ईएफआय भागात (चालू होण्याच्या फाइली असतात तो छोटा भाग) टाकतो. परिणाम दुहेरी. एसएसडी दुसऱ्या मशिनवर चालत नाही, आणि ती काढली की घरचं मशिन विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' लिहून थांबतं.

सर्वात सुरक्षित उपाय म्हणजे इन्स्टॉल करताना आतली डिस्क मशिनमध्येच नसू द्या. डेस्कटॉपची साटा केबल काढणं दोन मिनिटांचं काम आहे, बायोसमध्ये तो पोर्ट बंद करता आला तर तेही नको. आतली डिस्क नसली की 'इरेज डिस्क' निवडायला भीती नाही, फक्त यादीत इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह नव्हे, एसएसडीच आहे हे आकारावरून पाहा. तिथेच 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये एन्क्रिप्शनचा पर्याय घ्या. हा पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळत नाही, कुणाकडूनही.

लॅपटॉप उघडायचा नसेल तर दुसरा मार्ग. लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड (डिस्कचे भाग पाहायचा-बदलायचा प्रोग्राम) उघडा, आतल्या डिस्कचा ईएफआय भाग शोधा (१०० ते ५०० एमबीच्या आसपासचा, फॅट३२), राइट क्लिक करून 'मॅनेज फ्लॅग्ज'मध्ये 'बूट' आणि 'ईएसपी' या खुणा काढा. मग इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' घेऊन एसएसडीवर ५१२ एमबीचा ईएफआय भाग आणि उरलेल्या जागेत ईएक्सटी४ करा, बूटलोडरसाठीही एसएसडीच निवडा. झाल्यावर जीपार्टेडमध्ये परत जाऊन 'ईएसपी'ची खूण पुन्हा लावा. विसरलात तर काही मशिनवर विंडोज चालू व्हायला नखरे करतं. या मार्गात एन्क्रिप्शन हाताने करावं लागतं. नवख्यांनी पहिलाच उपाय धरावा.

फिरत्या एसएसडीवर एनव्हिडियाचा खास ड्रायव्हर टाकू नका. घरी छान चालेल, पण दुसऱ्या ग्राफिक्सच्या मशिनवर डेस्कटॉपच येणार नाही असं होऊ शकतं.

वापरताना येणारे प्रश्न

लिनक्स वापरून झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. सोसायटीच्या पीसीवर हे न विसरता करा, नाहीतर संध्याकाळच्या पावतीवर दुपारची वेळ पडेल आणि चौकशी तुमची होईल.

विंडोजची डिस्क लिनक्समधून दिसते पण लिहू देत नाही, तर विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. शिफ्टवाला शट डाउन पुन्हा करा.

एचपीचे बरेचसे प्रिंटर लावल्या लावल्या ओळखले जातात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालत नाही. घाई असेल तर पीडीएफ करून फोनवरून प्रिंट काढा. डिजिटल सहीच्या टोकनची कामं, जीएसटी वगैरे, विंडोजवरच करा. लिनक्सवर जमवता येतात, पण रिटर्नच्या शेवटच्या तारखेला जमवायला बसू नये.

पेनड्राइव्हवर अचानक काहीच लिहिता येत नसेल, सगळं फक्त वाचता येत असेल, तर तो बहुधा संपत आलाय. अनेक पेनड्राइव्ह असेच जातात. फाइली उतरवून घ्या आणि नवा आणा.

प्रत काढून ठेवा

सगळं मनासारखं जमलं की मिंटच्या दुसऱ्या एखाद्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशिन चालू करा, तयार पेनड्राइव्ह लावा आणि मेन्यूतून 'डिस्क्स' उघडा. डावीकडे तयार पेनड्राइव्ह निवडून वरच्या तीन टिंबांच्या मेन्यूतून 'क्रिएट डिस्क इमेज' करा आणि इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ६४ जीबीच्या ड्राइव्हची इमेजही तेवढीच मोठी होते, तेव्हा जागा आधी बघा. नवा पेनड्राइव्ह आणल्यावर त्याच मेन्यूतलं 'रिस्टोअर डिस्क इमेज' वापरून ती उतरवायची. नवा ड्राइव्ह जुन्याइतका किंवा मोठा हवा, आणि ६४ जीबीचे दोन कंपन्यांचे ड्राइव्ह तंतोतंत एकाच आकाराचे नसतात. थोडा जरी लहान निघाला तरी इमेज बसत नाही, म्हणून बदली ड्राइव्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्या, नाहीतर सरळ १२८ जीबीचा.